वाढदिवसाला वृद्धाश्रमात केक कापायला जाताय? तिथल्या आजी-आजोबांचा दिवस कोण ठरवतं, ते आधी समजून घ्या

रविवारची दुपार. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्यात. सात-आठ तरुण मुलं-मुली आलीत, त्यांच्यातल्या एकाचा वाढदिवस आहे. केक कापला जातो, फळं वाटली जातात, स्पीकरवर गाणं लागतं आणि दोन आजी हात वर करून नाचतात. तीस सेकंदांचं रील रात्रीपर्यंत बऱ्यापैकी फिरतं. खाली कमेंट्स येतात, 'किती गोड', 'संस्कार असावेत तर असे'.

असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. फ्रेमच्या बाहेर मात्र बरंच काही राहून जातं. कदाचित तो त्या आठवड्यातला तिसरा केक असतो. कोपऱ्यातल्या आजोबांना मधुमेह असतो. त्यांच्या शेजारच्या आजींना दुपारची झोप मोडलेली आवडत नाही, पण 'पाहुणे आलेत, चला' म्हटल्यावर त्या उठून आलेल्या असतात. त्यांना यायचं होतं का, हे कुणी विचारलेलं नसतं.

यात मुलांचा हेतू वाईट नसतो, संस्थेचाही नसतो. पण जेवण, औषधं आणि स्वच्छता यांची सोय झाल्यावर वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाने उरलेल्या दिवसाचं करायचं काय, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर ठरलेलं असतं. सकाळी प्रार्थना, दुपारी टीव्ही, चार वाजता भजन, सणाला कार्यक्रम आणि मधूनच कुणाचा तरी वाढदिवस. सगळ्यांना सगळं सारखंच.

याच प्रश्नावर जगात जवळपास पन्नास वर्षं प्रयोग चालू आहेत. त्यातले काही तर वृद्धाश्रमात केक घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत असे आहेत.

आधी शब्दाचा घोळ

हे प्रयोग प्रामुख्याने अमेरिकेतल्या 'नर्सिंग होम'मध्ये झाले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की कोपऱ्यावरचं दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल आठवतं, बरेचदा बाळंतपणाचं. महाराष्ट्रात लागू असलेला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाही खासगी रुग्णालयांबद्दलच बोलतो. अमेरिकेत मात्र ज्यांना अंघोळीपासून औषधांपर्यंत सतत कुणाची तरी मदत लागते, असे लोक जिथे कायमचे राहायला येतात ती जागा म्हणजे नर्सिंग होम. आपल्या भाषेत सांगायचं तर वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र यांचं मिश्रण.

एक कुंडी आणि दोन मजले

एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. जागा होती कनेक्टिकट राज्यातलं आर्डन हाऊस नावाचं नर्सिंग होम. त्यांनी तिथले दोन मजले निवडले.

पहिल्या गटात ४७ जण होते. नर्सिंग होमच्या व्यवस्थापकाने त्यांना एकत्र बोलावून सांगितलं की खोलीतलं सामान कसं लावायचं, वेळ कसा घालवायचा, कुणाला भेटायचं हे तुम्ही ठरवायचं. काही आवडत नसेल तर सांगायचं, बदलणं तुमच्या हातात आहे. मग रोपांचं खोकं फिरवलं. हवं असेल तर एक रोप घ्या, कुठलं ते तुम्ही निवडा आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. पुढच्या आठवड्यात दोन दिवस सिनेमा आहे, कुठल्या दिवशी बघायचा किंवा बघायचाच नाही, हेही तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या गटात ४४ जण होते. व्यवस्थापक तोच, बोलणं तितकंच प्रेमाचं, रोपही तसंच. फरक एवढाच की रोप हातात ठेवलं गेलं आणि पाणी नर्स घालतील असं सांगितलं गेलं. सिनेमा आहे, तुमचा दिवस कुठला ते आम्ही कळवू. तुमच्या खोल्या छान ठेवणं ही आमची जबाबदारी आहे.

हे दुसरं भाषण वाचून त्यात वावगं काहीच वाटत नाही. उलट किती काळजी घेतात, असंच वाटतं. आपल्याकडच्या चांगल्या वृद्धाश्रमात हेच ऐकायला मिळतं, 'आजी, तुम्ही फक्त आराम करा.'

तीन आठवड्यांनी मोजमाप झालं. स्वतः रहिवासी, मुलाखत घेणारे आणि नर्स अशा तिन्ही बाजूंनी विचारणा झाली होती. नर्सना दोन गटांना वेगवेगळं काय सांगितलंय याची कल्पना नव्हती. पहिल्या गटातल्या ९३ टक्के लोकांमध्ये एकंदर सुधारणा दिसली. दुसऱ्या गटातले ७१ टक्के लोक तेवढ्याच दिवसांत आणखी खालावलेले दिसले. दीड वर्षाने संशोधक परत गेले तेव्हा पहिल्या गटातले ७ जण वारले होते, दुसऱ्या गटातले १३.

आता इथे थांबायला हवं, नाहीतर उद्या 'कुंडी द्या, आजीचं आयुष्य दुप्पट करा' असा फॉरवर्ड यायचा. शंभराच्या आत माणसं, एकच संस्था. मृत्यूंच्या फरकाचं जे गणित सुरुवातीला छापलं होतं, त्यात नंतर दुरुस्तीही छापावी लागली आणि तो फरक आधी वाटला तितका भक्कम उरला नाही. तरीही हा प्रयोग आजही शिकवला जातो, कारण दोन्ही गटांना मिळालेली वस्तू एकच होती. झाड दोघांकडेही होतं, पण स्वतः निवडलेलं आणि आपल्यावाचून वाळणारं झाड एकाच गटाकडे होतं.

शंभर पोपट, पिंजरा एकही नाही

दुसरी गोष्ट १९९१ ची. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन या छोट्या गावात चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. वय ३१. तिथे साधारण ८० रहिवासी होते आणि त्यातल्या बहुतेकांना स्मृतिभ्रंश किंवा तशा स्वरूपाचा त्रास होता. औषधं व्यवस्थित चालू होती, पण माणसं मलूल होती. थॉमसचं निदान असं होतं की या जागेला तीन आजार झालेत: कंटाळा, एकटेपणा आणि असहायता. यावर गोळी नाही.

त्याने व्यवस्थापनाला पटवून जे आणलं त्याची यादी वाचून कुठल्याही ट्रस्टीला घाम फुटेल. दोन कुत्रे, चार मांजरं, ससे, कोंबड्या आणि शंभर पॅराकीट, म्हणजे छोटे पोपट. राज्याच्या नियमात तेव्हा एक कुत्रा किंवा एक मांजर एवढीच मुभा होती. परवानगीसाठी बऱ्याच खटपटी कराव्या लागल्या.

पोपट आले त्या दिवशी पिंजरे आलेच नव्हते. आणणाऱ्या माणसाने शंभरही पक्षी तळमजल्यावरच्या केस कापायच्या खोलीत सोडले, दार लावलं आणि निघून गेला. पिंजरे नंतर आले, तेही सुटे भाग खोक्यात भरून. डॉक्टर आणि कर्मचारी पंखांच्या धुरळ्यात पक्षी पकडतायत आणि बाहेर काचेला नाक लावून रहिवासी पोट धरून हसतायत, असा तो दिवस होता.

त्यानंतर जे घडलं ते कर्मचाऱ्यांनाही अनपेक्षित होतं. जे बोलू शकत नाहीत असं सगळे धरून चालले होते, ते बोलायला लागले. खोलीबाहेर न पडणारी माणसं नर्सच्या टेबलापाशी येऊन 'कुत्र्याला मी फिरवून आणतो' म्हणायला लागली. सगळे पोपट रहिवाशांनी वाटून घेतले आणि त्यांना नावं ठेवली. दोन वर्षांच्या नोंदी जवळच्या दुसऱ्या एका नर्सिंग होमशी ताडून बघितल्या, तेव्हा इथे दर माणशी औषधांच्या चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या होत्या आणि मृत्यू १५ टक्क्यांनी कमी होते. पुढे हीच पद्धत इतर ठिकाणी वापरल्यावर मात्र इतके ठळक आकडे सगळीकडे मिळाले नाहीत. कदाचित फरक पोपटांचा असेल, कदाचित पोपट आणायचा हट्ट धरणाऱ्या डॉक्टरचा.

ही गोष्ट जगभर पोचली ती 'बीइंग मॉर्टल' या २०१४ सालच्या पुस्तकातून. लेखक आहेत अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गवांदे. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. याच पुस्तकात गवांदेंनी उटीतल्या आपल्या आजोबांबद्दल लिहिलंय. सीतारामआजोबा शंभरी उलटल्यावरही रोज रात्री घोड्यावर बसून शेताला चक्कर मारायचे. तालुक्याला कोर्टाच्या कामासाठी जाताना बसमधून पडून डोक्याला मार लागला आणि ते गेले, वय जवळपास ११०.

हे वाचून 'आपली एकत्र कुटुंब पद्धतच भारी' असं स्टेटस ठेवायचा मोह होतो. पण त्या वयाच्या माणसाला घोड्यावर बसवायला, त्याचं हवं-नको बघायला घरात किती माणसं राबत असतील याचाही विचार करायला हवा, आणि त्यात सुनांचा वाटा किती असेल तेही सांगायला नको. ते घर आज बहुतेकांकडे नाही. त्या आजोबांकडे जे होतं ते मात्र कुठेही देता येऊ शकतं: रोजचं एक काम, जे खरंच काम होतं आणि त्यांचं होतं.

आणि आता केक नेणाऱ्यांसाठी

तिसरा प्रयोग सगळ्यात कमी माहीत असलेला आणि रील करणाऱ्यांच्या सगळ्यात जवळचा आहे.

रिचर्ड शुल्झ या संशोधकाने नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका वृद्धनिवासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गप्पा मारायला पाठवलं. रहिवाशांचे चार गट केले. एका गटाने स्वतः ठरवायचं की विद्यार्थ्याने कधी यायचं आणि किती वेळ बसायचं. दुसऱ्या गटाला हे ठरवता येत नव्हतं, पण पुढची भेट कधी आहे ते आधी कळायचं. तिसऱ्या गटाकडे विद्यार्थी न सांगता टपकायचे. चौथ्याकडे कुणीच जात नव्हतं. साधारण दोन महिने हे चाललं.

१९७६ मध्ये आलेला निष्कर्ष असा होता की पहिले दोन गट तब्येतीने, मनाने आणि हालचालीने बरे होते. न सांगता येणाऱ्या पाहुण्यांचा गट आणि अजिबात पाहुणे नसलेला गट यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे भेट कधी होणार हे माहीत असणं, तिची वाट बघता येणं, यातच बराचसा फायदा दडलेला होता.

पण खरी बोच पुढे आहे. प्रयोग संपला, विद्यार्थ्यांचं जाणं बंद झालं. शुल्झ आणि त्यांच्या सहकारी बार्बरा हनुसा यांनी त्याच लोकांची पुढे काही वर्षं माहिती घेतली आणि १९७८ मध्ये ती प्रसिद्ध केली. ज्या दोन गटांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता, तेच भेटी थांबल्यावर झपाट्याने खालावले होते. ज्यांना मुळात फारसं काही मिळालं नव्हतं, ते होते तसेच राहिले.

वर्षातून एकदा वाढदिवसाला जाण्याने कुणाचं फार नुकसान होतं असं यावरून म्हणता येणार नाही. पण 'आजी, मी दर महिन्याला येईन हं' असं सेल्फी काढता काढता म्हणून जाणं आणि मग न जाणं, हे आपल्याला वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

तो पाचवा पर्याय

या सगळ्यातून पुढे काय झालं? अमेरिकेत १९८७ साली नर्सिंग होम सुधारणेचा कायदा आला. रहिवाशांसाठी उपक्रम घेणं बंधनकारक झालं, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणूस नेमणंही. आज तिथला नियम सांगतो की उपक्रम प्रत्येकाच्या आवडीनुसार आणि क्षमतेनुसार असायला हवेत. तरीही तिकडच्या नर्सिंग होममध्ये सगळ्यांना हॉलमध्ये बसवून बिंगो, म्हणजे आपला तंबोला, खेळवण्यावर विनोद होतच असतात. कायद्याने सगळं सुटत नाही.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक रहिवाशाची ठरावीक काळाने सविस्तर नोंद होते आणि २०१० पासूनच्या नमुन्यात आवडीनिवडीचा स्वतंत्र भाग आहे. त्यात नातेवाइकांना नाही, आधी त्या माणसालाच विचारायचं असतं. इथे राहत असताना तुमच्यासाठी हे किती महत्त्वाचं आहे: कुठले कपडे घालायचे ते स्वतः निवडणं? झोपायची वेळ स्वतः ठरवणं? फोनवर खासगीत बोलता येणं? आपल्या वस्तू कुलपात ठेवायला जागा असणं? पुस्तकं-पेपर, आवडीचं संगीत, प्राण्यांचा सहवास, बातम्या, चार लोकांत मिसळणं, हवा चांगली असताना बाहेर जाणं, धार्मिक गोष्टींत भाग घेणं?

उत्तरासाठी पर्याय दिलेले असतात. खूप महत्त्वाचं, थोडंफार, फारसं नाही, अजिबात नाही. आणि पाचवा पर्याय असा: महत्त्वाचं आहे, पण मला करता येत नाही किंवा निवडीला वाव नाही.

वृद्धाश्रम चालवणाऱ्या कुणालाही पुढचं काम कुठून सुरू करायचं ते या पाचव्या पर्यायातून कळू शकतं. 'भजन आवडतं का?' याला बहुतेक आजी 'हो' म्हणतील, कारण नाही म्हणणं वाईट दिसतं. 'तुमच्यासाठी महत्त्वाचं असूनही इथे करता येत नाही असं काय आहे?' असं विचारलं की वेगळंच काहीतरी बाहेर येतं. रात्री नऊला दिवे बंद होतात, पण मला बारापर्यंत वाचायची सवय आहे. अंघोळीआधी चहा लागतो, इथे अंघोळीनंतर मिळतो. मला मटण खाऊन चार वर्षं झाली.

विसरायला झालेल्यांचं काय?

'आमच्याकडे निम्म्या लोकांना काही आठवतच नाही, त्यांना काय विचारणार?' हा प्रश्न रास्त आहे.

कॅमेरॉन कॅम्प या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माँटेसरी पद्धत स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वापरायला सुरुवात केली. माँटेसरी म्हणजे आपल्याला बालवाडी आठवते. मारिया माँटेसरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातच होत्या, मद्रासला आणि कोडाईकनालला. त्यांच्या पद्धतीचं मूळ सूत्र असं की काम खरं असावं, त्याचे छोटे टप्पे करावेत, हातात वस्तू असावी आणि चूक झाली तरी अपमान होऊ नये. हेच ज्येष्ठांना लागू केलं. नाव आठवत नसलं तरी हातांना घड्या घालणं आठवतं, धान्य निवडणं आठवतं, बटणं लावणं आठवतं. यात म्हाताऱ्या माणसाला लहान मूल समजायचं नाही, ही अट मात्र कटाक्षाने पाळायची. सत्तरीतल्या माणसाला कार्टूनच्या चित्रात रंग भरायला बसवणं ही माँटेसरी पद्धत नाही.

याबाबत २०१२ च्या सुमाराचा एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मान खाली घालून बसलेल्या एका वृद्धाच्या कानाला हेडफोन लावतात, त्याच्या तरुणपणीचं संगीत सुरू होतं आणि त्याचे डोळे लख्खकन उघडतात. व्हिडिओ खरा आहे, पाहून गळा दाटून येतो. पण पुढे अमेरिकेतल्या ५४ नर्सिंग होममध्ये आवडीच्या गाण्यांचा हा उपाय शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासला, तेव्हा रहिवाशांची अस्वस्थता लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं नाही. एका माणसासाठी जादू ठरलेली गोष्ट सगळ्यांना वाटायला घेतली की ती पुन्हा 'चार वाजता भजन' होण्याचा धोका असतो. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचंही म्हणणं सावध आहे. व्यक्तीनुरूप उपक्रमांनी स्मृतिभ्रंश असलेल्यांची चिडचिड, आक्रमकपणा थोडा कमी होऊ शकतो, पण पुरावा अजून कच्चा आहे.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल त्यातल्या त्यात आशादायक आहे. ६९ केअर होम, ८४७ रहिवासी, नऊ महिने. कर्मचाऱ्यांना प्रत्येक माणूस समजून घेऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि प्रत्येक रहिवाशाला आठवड्याला एक तास त्याच्या आवडीच्या गप्पा किंवा काम मिळेल असं पाहिलं. जगण्याचा दर्जा सुधारला, अस्वस्थता कमी झाली आणि खर्च वाढण्याऐवजी वाचला. तेही आठवड्याला एका तासात.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीच्या पुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, म्हणजे दर दहा माणसांत जवळपास एक. त्यातले बहुतेक घरीच राहतात. पण ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम १९ आहे. राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारावा, असं ते सुचवतं. अशा वृद्धाश्रमांत वैद्यकीय सेवा आणि 'मनोरंजनाची साधनं' यांचे निकष सरकारने ठरवावेत, असंही त्यात आहे.

इथे 'मनोरंजन' हाच शब्द आहे. टीव्ही बसवला की तो नियम पाळला गेला, असं म्हणता येतं.

संस्थाचालकांची बाजूही खोटी नाही. पंधरा-वीस माणसांमागे एक मावशी. डायपर, औषधं, जेवण, रात्री कुणी पडलं तर धावपळ. त्यात प्रत्येकाची आवड कुठून जपणार? पण बरंच काही वेगळा वेळ न काढता, चालू कामातच होऊ शकतं. समजा, एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. सकाळचे चहाचे कप मोजून कुणाला बिनसाखरेचा, कुणाला अर्धा, हा हिशोब त्यांच्याकडे दिला तर मावशींचं काम वाढत नाही, उलट कमी होतं. समजा, एक आजी जळगावकडच्या आहेत आणि पुण्यातल्या वृद्धाश्रमात त्यांच्याशी अहिराणी बोलणारं कुणीच नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा उपक्रम म्हणजे अहिराणीत दहा मिनिटांचा फोन.

आणि समजा, एक तिसऱ्या आजी आहेत, ज्यांनी पन्नास वर्षं दहा माणसांचा स्वयंपाक केला. 'यांना घरच्यासारखं वाटेल' म्हणून त्यांच्यापुढे वाटाण्याच्या शेंगा ओतल्या, तर त्या कदाचित मनातल्या मनात शिव्या देतील. त्यांना आता कुणीतरी आयतं करून वाढावं असं वाटत असेल. बायकांना स्वयंपाक आणि पुरुषांना पेपर, हे व्यक्तीनुरूप नाही, जुनीच वाटणी आहे.

वातींचंही तसंच. कित्येक वृद्धाश्रमांत वाती वळायला देतात. एखादीला त्यात शांत वाटतं. पण रहिवाशांमध्ये ख्रिस्ती असतात, मुस्लिम असतात, बौद्ध असतात, आयुष्यभर देव न मानलेला जुना युनियनवालाही असतो. आणि त्या वाती विकल्या जात असतील तर पैसे कुणाला मिळतात, हे विचारण्यातही काही गैर नाही.

मग जायचं की नाही?

जायचं. फक्त आधी फोन करून, आणि फोनवर 'आम्ही किती केक आणू' याऐवजी 'कुणाला काय हवंय' असं विचारून. चार महिन्यांत एकदा तीस जणांना भेटण्यापेक्षा दर दुसऱ्या शनिवारी पाच वाजता एकाच आजोबांशी बुद्धिबळाचा डाव टाकणं जास्त उपयोगाचं. शनिवार त्यांना चालतो का, ते त्यांनी सांगायचं. येणं बंद होणार असेल, नोकरी बदलली, शहर बदललं, तर ते आधी सांगून, शेवटचा डाव खेळून निरोप घ्यायचा. व्हिडिओ काढायचा असेल तर ज्याचा काढणार त्याला विचारायचं, संस्थेच्या ऑफिसला नाही. आणि कुणी म्हणालं 'आज नको, झोपायचंय', तर तेही चालून जाऊ द्यायचं.

घरातल्याच कुणाला वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात ठेवायची वेळ आली, तर बॅगेत औषधांच्या फायलीसोबत एक कागद द्यायला हवा. शक्यतो त्यांच्याचकडून विचारून लिहिलेला. हाक कशी मारलेली आवडते, 'आजी' की 'बाई' की नावाने. चहा किती गोड. कुठली कूस घेऊन झोप लागते. कुठल्या गाण्यावर रेडिओ बंद करतात. आयुष्यात कुठलं काम मन लावून केलं आणि कुठलं नाइलाजाने. कुणाचा विषय काढायचा नाही. वृद्धाश्रमांची माहिती किंवा तक्रारीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन मोफत लागतो. पण या कागदावरचं त्यांच्याकडे मिळणार नाही, ते घरी बसूनच लिहावं लागेल.